बोर्डाच्या दिवशीचा इस्त्रीचा शर्ट

प्रश्न : ताई, मी ६७ वर्षांची आहे, सातारा जिल्ह्यात राहते. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, सहा वर्षांपूर्वी गेले. मला त्यांची फॅमिली पेन्शन मिळते, महिना अठरा हजार. मुलगा ३४ वर्षांचा आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला त्रास सुरू झाला, त्याला आता बारा वर्षं झाली. डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतात. गोळ्या चालू आहेत. पूर्वीसारखं ओरडणं, रात्री बाहेर पळणं आता नाही, पण दिवसभर पडून असतो. मागच्या वर्षी सिव्हिलला नेऊन अपंगाचा दाखला काढला, तर ३० टक्केच आले. तहसीलमध्ये म्हणाले, ४० पाहिजेत. एक जण बारा हजारांत टक्के वाढवून देतो म्हणतो. मुलगी म्हणते, आई, एकदा तसला कागद झाला की दादाचं सगळंच संपलं. शेजारी म्हणतात, हातपाय धड असलेल्याला कसलं आलंय अपंगत्व? मला पैशांपेक्षा एकच घोर आहे. माझ्यामागं याचं काय? – एक आई

काकू,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीवर येतेच, पण आधी शेजाऱ्यांचं बघू. तेच वाक्य कदाचित तुमच्याही मनात कुठंतरी रुतून बसलं असेल. मानसिक आजारामुळे येणारं अपंगत्व आपल्या कायद्यानं आज नाही, १९९५ सालीच मान्य केलं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे आणि त्यात मानसिक आजार स्वतंत्रपणे लिहिला आहे. विचार, मनःस्थिती, आकलन, स्मरण यांत इतका बिघाड की माणसाला खरं काय ते ओळखणं किंवा रोजचं साधं जगणं पेलणं अवघड जावं, असा त्याचा अर्थ. हातपाय धड आहेत की नाहीत याचा इथं संबंधच येत नाही. हे मतिमंदत्वही नव्हे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दाखल्यावर कुठला शब्द लिहिलाय ते नीट बघा. कारण खिडकीवरची माणसंसुद्धा यात गल्लत करतात आणि मग पुढचे कागद अडतात.

आता टक्के. बहुतेक घरांचा समज असा असतो की आजाराचं नाव मोठं असलं की टक्के आपोआप येतात. तसं नसतं. स्किझोफ्रेनिया असलेला एखादा माणूस नोकरी करतो, संसार करतो, त्याला ४० टक्के मिळणार नाहीत. आणि ते बरोबरच आहे. दाखला देणारं डॉक्टरांचं बोर्ड आजार मोजत नाही, आजारानं जगण्यातलं काय काय काढून घेतलं ते मोजतं. त्यासाठी 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात, भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांनीच बनवलेली. त्यात चार गोष्टी बघतात. स्वतःची काळजी घेतो का : अंघोळ, कपडे, जेवण, औषध. माणसांशी कसा वागतो. बोलणं आणि समजणं कसं आहे. आणि काम करतो का, म्हणजे नोकरी, घरकाम, शिक्षण, जे त्या वयाला अपेक्षित असेल ते. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. जितका त्रास जास्त तितके गुण जास्त. त्यात आजार किती जुना आहे त्याचे गुण मिळवतात : दोन वर्षांच्या आतल्या आजाराला एक, दहा वर्षांहून जुन्याला चार. एकूण वीस. या बेरजेवरून सौम्य म्हणजे ४०च्या खाली, मध्यम म्हणजे ४० ते ७०, तीव्र म्हणजे ७१ ते ९९ असं ठरतं.

हे मी एवढं फोड करून का सांगतेय? कारण तुमचे ३० टक्के कुठं अडकले असतील याचा मला अंदाज आहे. तो अंदाज पुस्तकातून आलेला नाही.

माझ्या मोठ्या भावाला हाच आजार होता. त्याच्या बोर्डाच्या दिवशी आईनं पहाटे चारला उठून त्याला अंघोळ घातली, दाढी करवली, इस्त्रीचा शर्ट घातला. बसमध्ये त्याच्याकडून उत्तरं पाठ करून घेतली. डॉक्टरांनी विचारलं, "अंघोळ रोज करता?" तो म्हणाला, "हो." "जेवण?" "वेळेवर." "घरात मदत करता का?" "दळण आणतो." वर्षातून दोनदा आणलेलं दळण! आई शेजारी बसून मान हलवत होती, पोरगं किती छान बोलतंय म्हणून तिचा ऊर भरून आला होता. दहा मिनिटांत सगळं उरकलं. टक्के कमी आले तेव्हा घरी येऊन तीच रडली. तिनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. तो रोज अंघोळ करत होता हे खरंच होतं. फक्त त्या अंघोळीआधी आई सहा वेळा खोलीत जायची, पाणी काढून द्यायची, टॉवेल हातात द्यायची आणि बाहेर उभी राहून साबण लावलास का विचारायची, हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

तुमच्या घरातही हेच होत असणार. बारा वर्षांत तुम्ही त्याच्या भोवती इतक्या गोष्टी उचलून धरल्यात की आता त्या तुमच्या आहेत की त्याच्या, हे तुम्हालाही वेगळं करता येत नसेल. तो गोळ्या घेतो की तुम्ही गोळी देऊन पाण्याचा तांब्या हातात ठेवता आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहता? तो जेवतो की तुम्ही वाढता म्हणून जेवतो? तुम्ही दोन दिवस लेकीकडे गेलात तर चुलीवर, माफ करा, गॅसवर तो काही ठेवेल का, की उपाशी झोपेल? दाराशी कुणी आलं तर उघडतो का? त्याच्या हातात पाचशेची नोट देऊन दुकानात पाठवलं तर सामान आणि उरलेले पैसे घेऊन येईल का? बोर्डासमोर सांगायचं ते हे. तुमच्या मदतीनं तो जे करतो ते त्याच्या खात्यावर जमा करू नका.

यासाठी एक वही घाला. साधी, शाळेची. महिनाभर रोज चार-पाच ओळी : कितीला उठला, अंघोळ किती दिवसांनी आणि किती वेळा सांगितल्यावर, कुणाशी बोलला का, एकटाच हसला-पुटपुटला का, कुठलं काम अर्धवट टाकलं. चांगला दिवस गेला तर तोही लिहा. वाढवून काही लिहू नका. त्याची गरज नाही, आणि वाढवून लिहिलेलं अनुभवी डॉक्टरला लगेच कळतं. या आजारात दिवस सारखे नसतात. बोर्डाला एक सकाळ दिसते, महिना दिसत नाही, म्हणून ही वही. ती तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्याकडून पत्र मागा : आजाराचं नाव, कधीपासून, औषधं कुठली, किती वेळा दाखल करावं लागलं, आणि आज रोजचं काय जमतं, काय जमत नाही. "रुग्ण स्थिर आहे" एवढ्या एका ओळीचं पत्र घेऊन जाऊ नका. डॉक्टरांच्या भाषेत स्थिर म्हणजे झटका नाही. वाचणाऱ्याला मात्र वाटतं, बरा आहे.

दुसरी शंका तारखेची. आजार बारा वर्षांचा, असं तुम्ही म्हणता. पण तुमच्या फाइलमधला सगळ्यात जुना कागद कोणत्या सालचा आहे? सुरुवातीची वर्षं देवऋषी, उतारे, मग गावातला डॉक्टर यांत गेली असतील, तर सरकारी केसपेपरवर आजाराचं वय दोन-तीन वर्षंच लागलेलं असू शकतं. एवढ्यावरही गुण कमी होतात. जुन्या दवाखान्याचं एखादं चिठोरं, औषधाची पावती, कॉलेजनं दिलेलं गैरहजेरीचं पत्र, दाखल केल्याचं डिस्चार्ज कार्ड, जे सापडेल ते ट्रंकेतून बाहेर काढा. पहिले डॉक्टर अजून दवाखाना चालवत असतील तर त्यांना भेटून अमुक साली तपासलं होतं असं लिहून मागा. हा कागद तुम्हाला पुढं आणखी एका, याहून मोठ्या कामासाठी लागणार आहे.

३० टक्क्यांचा दाखला म्हणजे शेवट नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ५९व्या कलमानं त्या निर्णयावर अपील करता येतं. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, जिथून तुमचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र निघालं, तिथंही अपिलाची सोय आहे. तुमच्या दाखल्यावर मुदत लिहिली असेल आणि ती संपत आली असेल तर नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा तपासणी होतेच, ती वाट सोपी. अपील करायचं तर अर्जात 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच लिहू नका. आजाराचा खरा कालावधी, डॉक्टरांचं नवं पत्र आणि वहीतल्या नोंदी जोडा. म्हणजे आधी काय सांगायचं राहून गेलं होतं ते दिसेल. आणि त्या दिवशी त्याला स्वच्छ पण रोजच्याच कपड्यांत न्या. उत्तरं शिकवू नका. तो आधी बोलू दे, मग "मला थोडं सांगायचंय" म्हणून तुम्ही बोला. त्याच्यासमोर त्याचे हाल सांगणं आईला जड जातं, मला माहीत आहे. डॉक्टरांना दोन मिनिटं वेगळं भेटू द्या म्हणालात तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

बारा हजारवाल्याला दारातूनच परत पाठवा. आता दाखले ऑनलाइन निघतात, नोंद संगणकावर राहते आणि शंका आली की फेरतपासणी लागते. खोटेपणानं लाभ घेतला असं ठरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं हाच कायदा सांगतो. आणि त्यात कागदावर नाव त्या माणसाचं नसणार, तुमच्या मुलाचं असणार. ज्याचा हक्क खरा आहे त्यानं खोट्या वाटेनं का जायचं? यूडीआयडीच्या अर्जाला पैसे पडत नाहीत.

मुलीच्या भीतीला मी कमी लेखत नाही. तिनं भावाला हसताना, नाव ठेवताना लोकांना ऐकलं असेल. पण तिला हे सांगा. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट म्हणतो की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो कायद्याच्या दृष्टीनं वेडा ठरत नाही. तसं ठरवायचा अधिकार फक्त कोर्टाला. दिव्यांगाच्या दाखल्यानं जमिनीतला हिस्सा जात नाही. नोकरीचं म्हणाल तर उलटंच आहे : सरकारी भरतीत दिव्यांगांना जे ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार या गटांसाठी आहे. कार्ड गळ्यात घालून फिरायचं नसतं. कपाटात ठेवायचं, लागेल तेव्हा काढायचं. पण एक विचारते, या सगळ्यात त्याला कुणी विचारलंय का? कागद त्याचा आहे. तो चांगल्या मनःस्थितीत असेल तेव्हा शेजारी बसून सांगा की हे कशासाठी काढतोय. माझा भाऊ एकदाच म्हणाला होता, "म्हणजे मी आळशी नाही असं लिहून देणार का?" त्याच्यासाठी त्या कागदाचा अर्थ तेवढाच होता, आणि तो थोडका नव्हता.

आता पैशांचं. संजय गांधी निराधार योजना तुम्हाला लागू होईल असं मी सांगणार नाही, कारण होणार नाही. दिव्यांगांसाठी तिची अट कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत अशी आहे आणि तुमची पेन्शन तीन महिन्यांतच त्यापुढं जाते. टक्के ४० झाले तरी तहसीलमध्ये या अटीवर अर्ज अडेल, म्हणून त्या आशेवर फेऱ्या मारू नका. (हे वाचणाऱ्या ज्या घरांत पेन्शन नाही, जमीन नाही, मोलमजुरी आहे, त्यांनी मात्र जरूर अर्ज करा. १८ ते ६५ वय, राज्यात १५ वर्षांचा रहिवास, ४० टक्क्यांचा दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दिव्यांगांची महिन्याची रक्कम २०२५मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. केंद्राची वेगळी दिव्यांग पेन्शन आहे, पण तिला दारिद्र्यरेषा आणि ८० टक्के लागतात, तिथं फार थोडे बसतात.)

४० टक्के झाल्यावर तुम्हाला काय मिळेल? एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत. महिन्याला दवाखान्याची फेरी असते, तेव्हा हे लहान नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. ग्रामसेवकांना भेटून मुलाचं नाव त्या यादीत आहे का विचारा, बऱ्याच गावांत मानसिक आजाराचं एकही नाव नसतं कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि आता तुमची शेवटची ओळ. माझ्यामागं याचं काय?

गुरुजी जिल्हा परिषदेचे होते, म्हणून याला उत्तर आहे, आणि ते त्यांनीच कमावून ठेवलं आहे. जी फॅमिली पेन्शन तुम्हाला मिळते, ती तुमच्यानंतर तुमच्या मुलाला हयातभर मिळू शकते. एरवी मुलांना ठरावीक वयापर्यंतच मिळते. पण मनाच्या विकारामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्याला स्वतःचा उदरनिर्वाह करता येत नाही, त्या मुलाला वयाची अट लागत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला ११६वा नियम बघायला सांगा. फक्त इथं टक्क्यांचा दाखला पुरत नाही. 'या विकारामुळे तो उपजीविका करू शकत नाही' असं सिव्हिल सर्जनच्या पातळीवरचं प्रमाणपत्र लागतं. दाखल्यासाठी जाल तेव्हाच हेही मागा, दोन फेऱ्या कशाला. गुरुजी हयात असतानाच आजार सुरू झाला होता हे दाखवणारा कागद हाताशी असलेला बरा. मघाशी म्हटलं ते जुनं चिठोरं यासाठी.

हे काम तुम्ही असतानाच करा. मी किती घरं पाहिलीत जिथं आई गेल्यावर भाऊ-बहिणी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात, आणि साहेब विचारतात की हा मुलगा अपंग आहे हे आईनं कधी कळवलं होतं? पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जा, पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ), गुरुजींच्या सेवापुस्तकातलं कुटुंबाचं पान, मुलाचं आधार आणि प्रमाणपत्र सोबत न्या. लेखी अर्ज द्या आणि झेरॉक्सवर पोच घ्या. तोंडी उत्तरावर परत येऊ नका. मुलाला स्वतःचा व्यवहार बघता येत नसेल तर पेन्शन पालकामार्फत मिळते, म्हणून ती जबाबदारी कोण घेणार ते घरात आत्ताच बोला. ती मुलगी घेणार असेल तर तिला एकदा सोबत न्या. तिची निम्मी भीती तिथंच जाईल असं मला वाटतं.

पालकत्वावरून कुणी तुम्हाला नॅशनल ट्रस्टकडे पाठवलं तर जाऊ नका. तो १९९९चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता यांच्यापुरता आहे, मानसिक आजार त्यात येत नाही. तुमच्यासाठी २०१७च्या कायद्यातली एक तरतूद उपयोगाची आहे : मुलगा ठीक असताना, उपचारांबाबत आपल्या वतीनं कोणी बोलायचं ते तो साध्या कागदावर लिहून, सही करून नेमू शकतो. तुम्ही थकलात, आजारी पडलात, तर डॉक्टर मग कुणाला विचारायचं यात अडत नाहीत.

काकू, तुम्हीही बारा वर्षं रात्रीची झोप पुरी घेतली नसेल. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या फोन-मदतीचा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो फक्त आजारी माणसांसाठी नाही, तुमच्यासाठीही आहे. आणि पुण्याला जाणं झालं तर स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात एकदा बसून या. तिथं तुमच्या वयाच्या आया भेटतील, त्यांना पहिल्यापासून काही समजावून सांगावं लागत नाही.

वही आजच आणा. पहिल्या पानावर आज सकाळचंच लिहा : तो कितीला उठला, दात घासले का, आणि त्यासाठी तुम्हाला किती वेळा खोलीत जावं लागलं.